डोकं दुखतंय, मग दाताच्या डॉक्टरकडे कशाला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात झोपेत दात खाण्याबद्दल लिहिताना मी एक वाक्य घातलं होतं, की सकाळी उठल्या उठल्या कानशिलं ठणकत असतील तर एकदा जबडापण तपासून घ्या. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की यावेळी दुसरा विषयच घेत नाही. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस, अगदी जतहूनपण लोकांनी लिहिलंय. नावं सगळ्यांची काढून टाकलीत. एका काकांना मात्र मी अंकाची वाट न बघता त्याच दिवशी फोन करून उत्तर दिलं, ते का ते खाली येईलच.

प्रश्न : मॅडम, मी तासगावजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ३६. तीन वर्षं झाली डोकं दुखतंय, दोन्ही कानशिलांना, सकाळी जास्त. चष्मा बदलला, सायनसचं औषध झालं, सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग अर्धशिशी म्हणून गोळ्या झाल्या. आता रोज एक डोकेदुखीची गोळी घेतल्याशिवाय पहिला तास घेता येत नाही. माझ्या जाऊबाई म्हणतात दाताच्या डॉक्टरला दाखव, पण माझा एकही दात दुखत नाही हो. डोक्यासाठी तिकडे कशाला जायचं?

ताई, जाऊबाईंचं ऐका. आणि हे वाचता वाचताच एक करून बघा. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगून वर आलं ना? तो जबड्याचा स्नायू आहे. पंख्यासारखा कानाच्या वरपासून कपाळाच्या कडेपर्यंत पसरलेला असतो आणि खाली जबड्याच्या हाडाला जाऊन चिकटतो, आणि त्याचा जोडीदार गालात असतो, कानाच्या पाळीच्या खाली बोट ठेवून दाढा आवळल्या की तोही कळतो. हे दोन स्नायू रात्रभर राबले तर सकाळी दुखणारच, जसं लग्नघरी दिवसभर पाणी वाहिल्यावर दुसऱ्या दिवशी दंड भरून येतात तसं. फक्त दंड दुखला तर आपण म्हणतो दंड दुखतोय, आणि हा स्नायू दुखला तर म्हणतो डोकं दुखतंय. त्यात जबडा, दात, चेहरा आणि मेंदूवरचं आवरण या सगळ्यांची दुखण्याची खबर एकाच मोठ्या नसेच्या वाटेनं मेंदूत जाते, त्यामुळे नेमकं कुठून दुखतंय याचा मेंदूचासुद्धा गोंधळ होतो.

आता पुढची गोष्ट. कानशिलावर बोटानं थोडं दाबून हळूहळू पुढे मागे सरका. दाबल्यावर दुखलं एवढ्यावर काही ठरत नाही, कुणालाही थोडं दुखतं. दाबल्यावर "अगं बाई, हेच, रोज दुखतं ते हेच" असं झालं पाहिजे, आणि चावताना, जांभई देताना, खूप बोलल्यावर डोकेदुखी कमीजास्त व्हायला पाहिजे. जबड्यातून येणाऱ्या डोकेदुखीची ही खूण २०१४ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या निकषांमध्येच आहे, माझ्या मनाची नाही. खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या कानशिलावर माझं बोट त्या जागी गेलं की चेहराच बदलतो. बरेच जण माझा हात धरून ठेवतात, की डॉक्टर इथंच, इथंच. इतक्या वर्षांत कुणी तिथं हात लावून बघितलेलाच नसतो, सगळं बघितलं ते फिल्ममध्ये आणि रिपोर्टात. सीटी स्कॅनमध्ये थकलेला स्नायू दिसत नाही ताई, म्हणून नॉर्मल आला याचा अर्थ तुम्हाला काही होत नाही असा अजिबात नाही.

घरच्यांना विचारा रात्री करकर आवाज येतो का. आवाज आला नाही तरी आरशात जीभ बाहेर काढून कडा बघा, दातांचे ठसे उमटून करंजीच्या कडेसारखी नक्षी दिसते का, आणि गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी ओळ आहे का. नुसत्या ठशांवरून निदान होत नाही, पण बाकीच्या लक्षणांबरोबर धरलं तर अंदाज येतो. आणि रात्रीपेक्षा दिवसाकडे जास्त लक्ष द्या असं मी सांगेन, कारण वह्या तपासताना, गाडी चालवताना, पोरं गोंगाट करत असताना आपण दाढा आवळून बसतो ते आपल्याला कळतही नाही. जेवताना आणि घोट गिळताना सोडलं तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. हे सांगितलं की निम्मे लोक चकित होतात, त्यांना वाटतं तोंड मिटलं म्हणजे दात मिटलेलेच असतात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल टेकलेली, अशी ठेवण पाहिजे. खडूच्या डबीवर, मोबाईलच्या मागं, स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यावर एकेक लाल टिकली चिकटवा, आणि टिकली दिसली की दात सुटे आहेत का ते बघायचं. एवढ्यानंच तीन आठवड्यांत फरक पडलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

बरोबरीनं संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही गालांना आणि कानशिलांना पंधरा वीस मिनिटं. दोन तीन आठवडे ऊस, फुटाणे, कडक भाकरी बंद, भाकरी आमटीत कुस्करून खा. च्युइंगम नको. जिभेचं टोक टाळूला लावून तोंड सावकाश जेवढं उघडेल तेवढंच उघडायचं आणि मिटायचं, सहा वेळा, असं दिवसातून सहादा. मानेचेही व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, कारण खाली मान घालून वह्या तपासणाऱ्या माणसाची मान आणि जबडा बरोबरच आखडतात.

आणि आता जे सांगतेय ते नीट वाचा. रोजची गोळी. साधी डोकेदुखीची गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर ती गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून परत गोळी. तुम्ही त्या चक्रात असण्याची बरीच शक्यता आहे. अचानक मनानं बंद करू नका, पहिले काही दिवस दुखणं वाढतं आणि माणूस घाबरून परत सुरू करतो, न्यूरॉलॉजिस्टना किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगून त्यांच्या देखरेखीत सोडा. अर्धशिशी खरंच असेल तर ती नुसता जबडा सांभाळून सुटणार नाही, अर्धशिशी आणि जबडा एकाच माणसाला दोन्ही असतात आणि एकमेकांना चिथावतात, म्हणून मी कधीच म्हणत नाही की डोक्याच्या डॉक्टरला सोडा आणि माझ्याकडे या.

एवढं करून दाढा झिजलेल्या दिसल्या तर मग नाईट गार्ड, ज्याला आम्ही स्प्लिंट म्हणतो. पेस्टसारख्या पदार्थात तुमच्या दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचे दात बनतात आणि त्यावर कडक पारदर्शक ॲक्रिलिकची साधारण दोन मिलिमीटर जाड पट्टी, वरच्या दातांवर चपखल बसणारी. बसवायच्या दिवशी घाई करणाऱ्याकडून बसवू नका. निळा कागद दातांमध्ये ठेवून चाव म्हणायचं, निळे ठिपके कुठं पडतात बघायचं, गडद ठिपका घासायचा, परत कागद, परत चाव, असं करत करत दोन्ही बाजूंना सारखे फिकट ठिपके येईपर्यंत अर्धा तास सहज जातो. एका बाजूला उंच राहिलेली पट्टी घालून झोपलात तर सकाळी दुखणं वाढलेलं असेल. महिन्यानं परत दाखवायला जा, आणि पट्टी फक्त रात्री, दिवसा नाही. ऑनलाईन मिळणारे मऊ रबरी गार्ड गरम पाण्यात बुडवून घालायचे असतात ते मी देत नाही, मऊ वस्तू तोंडात आली की काही लोक ती जास्तच चावत बसतात.

प्रश्न : मी मिरजेत राहतो, वय ७१, वरची कवळी आहे. महिनाभर झाला उजवं कानशील दुखतंय, याआधी आयुष्यात डोकं दुखलं नव्हतं. भाकरी चावताना चार घासांत जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, परत चावलं की परत. केस विंचरताना टाळू दुखते. कवळी सैल झालीय म्हणून असेल काय? नवीन करायला किती दिवस लागतील?

हेच ते काका. पत्र वाचलं आणि लगेच फोन केला, की काका कवळीचं नंतर बघू, आजच्या आज फिजिशियनकडे जा आणि ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करा, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा एका डोळ्यानं दिसायचं कमी झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नका. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, चावताना दमणारा जबडा आणि हात लावला तरी दुखणारं कानशील किंवा टाळू, हे तिन्ही एकत्र आलं की कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण दिसतो, आणि उपचार लांबला तर नजर कायमची जाते. काकांचा ईएसआर बराच वाढलेला निघाला, त्याच दिवशी स्टेरॉईड सुरू झालं, तीन दिवसांत डोकं उतरलं. पुढच्या तपासण्या चालू आहेत आणि डोळे शाबूत आहेत. आमच्या दाताच्या डॉक्टर मंडळींनाही मी हात जोडून सांगते, म्हातारं माणूस जबडा दुखतोय म्हणून आलं तर कवळीला हात लावायच्या आधी कानशिलाला हात लावा.

प्रश्न : वय २१, विश्रामबागला होस्टेलवर असते. तोंड उघडलं की उजव्या कानापाशी कट् असा आवाज येतो, दुखत नाही, पण मैत्रिणींनासुद्धा ऐकू जातो. रील्समध्ये बघितलं की चकती सरकलीय आणि पुढं जबडा लॉक होतो म्हणे. ऑपरेशन लागेल का? रडू येतंय.

रडू नको गं. कानाच्या पुढं जबड्याचा सांधा असतो आणि त्याच्या दोन हाडांमध्ये एक छोटी मऊ चकती असते, तोंड उघडताना हाड आधी फिरतं आणि मग पुढं सरकतं, चकतीनं त्याच्याबरोबर जायचं असतं. तुझी चकती थोडी पुढं घसरलेली असेल, तोंड उघडताना हाड तिच्यावर परत चढतं तेव्हा कट् वाजतं. असा आवाज खूप जणांना असतो, दुखत नसेल आणि अडकत नसेल तर काही करावं लागत नाही, आयुष्यभर नुसतं वाजत राहतं. मुद्दाम वाजवून मैत्रिणींना ऐकवत बसू नको, आणि मोठी जांभई आली की मूठ हनुवटीखाली धर. एखाद्या दिवशी आवाज एकदम बंद झाला आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना असं झालं तर मात्र आठवड्याभरात दाखव, ते लवकर दाखवलेलं बरं. तोपर्यंत रील्स बंद.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत नाईट शिफ्टला असतो, वय २९. वर्षभरात तोंड उघडायचं कमी कमी होत चाललंय, आता वडापाव आडवा जात नाही. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते. जागं राहायला मावा खातो, दिवसाला पाच सहा पुड्या. जबड्याचा सांधा आखडलाय का? त्याला मालिश कुठली करू?

दादा, स्पष्ट बोलते, कारण तुम्ही २९ वर्षांचे आहात. सांध्याचा दोष मला वाटत नाही. आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघा, सरळ जायला पाहिजेत. मग गालाच्या आतून बोट फिरवा. मऊ लागायच्या ऐवजी दोऱ्या ताणल्यासारखं, चामड्यासारखं लागतंय? पांढुरकं दिसतंय? मग सुपारीनं गाल आतून आखडलाय. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या कातडीखाली चिवट तंतू साठत जातात, तोंडाची आग हे त्याचं सुरुवातीचं लक्षण, आणि तोंड मिटत जाणं हे पुढचं. त्यात मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून एकत्र. २०१२ पासून राज्यात गुटखा बंद आहे पण मावा टपरीवर हातानं घोटून मिळतोच, आणि आमच्या सांगली भागातली किती तरुण पोरं असं तोंड घेऊन येतात ते बघून माझ्या पोटात कालवतं.

ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असते, सगळ्यांना कॅन्सर होतो असं नाही, पण धोका खराच आहे. मालिशनं काही होणार नाही. मावा आज बंद, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा बंद, कारण गाल आखडतो तो सुपारीनंच. दंतवैद्यकीय कॉलेजच्या ओपीडीत किंवा सिव्हिलला जाऊन दाखवा, खर्चाचं टेन्शन घेऊ नका. तोंड उघडायचे व्यायाम शिकवतात, आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एखादी वाढवायची, गरज पडली तर इंजेक्शनं, फारच मिटलं असेल तर ऑपरेशन. गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही, पण जेवढं उरलंय ते टिकतं आणि थोडं वाढतं. तोंडात कुठं दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, लाल किंवा पांढरा चट्टा असेल तर तुकडा काढून तपासायला नाही म्हणू नका. आणि शिफ्टला जागं राहायला काय, हे मला फोन करून विचारा, त्यावर आपण बोलू. नंबर संपादकांकडे आहे.

प्रश्न : सांगली गावभागातून लिहितेय. जबडा आणि डोकं दुखतं म्हणून दाखवलं, तर सांगितलं की तुमचा चावा चुकलाय, म्हणजे वरचे खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, सगळे दात घासून सोळा कॅप बसवायच्या, दीड लाख. दात सगळे चांगले आहेत. मिस्टर म्हणतात करून टाक एकदाचं. काय करू?

करू नका. वहिनी, चांगल्या दाताचं वरचं कवच एकदा घासलं की जगातला कुठलाही डॉक्टर ते परत आणू शकत नाही, आणि सोळा कॅप बसवूनही डोकं दुखतच राहिलं तर पुढं काय करणार?

ही चावा चुकल्याची कल्पना जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लिहिलं, की मागच्या दाढा गेलेल्या लोकांचा जबडा सांध्यात दबतो आणि त्यामुळे कान आणि डोकं दुखतं. तिथून कित्येक वर्षं दात घासणं, उंची वाढवणं असंच चाललं. पुढं कळत गेलं की वाकडातिकडा चावा असलेल्या कितीतरी लोकांना काहीच दुखत नाही आणि सरळ दातांच्या लोकांना दुखतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये जबड्याच्या जुन्या दुखण्यावर जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात भर कशावर आहे, तर जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपी, मान आणि बसण्याची पद्धत, आणि दुखण्याशी जगायला शिकवणारं समुपदेशन. चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्यांना तिथं ठाम नकार आहे. साध्या काढता येणाऱ्या पट्ट्यासुद्धा सरसकट सगळ्यांना द्या असं म्हटलेलं नाही, म्हणूनच मी पट्टी दुसऱ्या नंबरला ठेवते आणि दात झिजत असतील तिथं दात वाचवायला देते. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शनही मी पहिल्या झटक्याला सुचवत नाही. जे उद्या बंद करता येतं, काढून ठेवता येतं, ते आधी करून बघा, तीन महिने नेटानं. तुमच्या मिस्टरांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : आईला, वय ५८, उजव्या गालात करंट बसल्यासारखी कळ येते, तोंड धुताना, चहाचा घोट घेताना. काही सेकंदच, पण ओरडते. दोन दाढा काढून झाल्या, कळ तशीच. आता आईच म्हणते तिसरी काढ. – पलूस

काढू नका. माझ्या आत्याचं हेच झालं होतं, मी तेव्हा कॉलेजला होते. ती गालाला पदर लागू द्यायची नाही, पंख्याखाली बसायची नाही, आणि एकामागून एक तीन चांगल्या दाढा गेल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं की नसेचं दुखणं दिसतंय. पुढं गोळ्यांनी कळ थांबली, दाढा काही परत आल्या नाहीत, शेवटपर्यंत ती डाव्या बाजूनंच जेवली. स्पर्शानं, वाऱ्यानं, ब्रशनं उठणारी आणि सेकंदात जाणारी विजेसारखी कळ म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा आजार असण्याची शक्यता मोठी. न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. एमआरआय करतात, कारण बऱ्याचदा मेंदूपाशी एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाबत असते, आणि बहुतेकदा कार्बामाझेपीन हे औषध देतात, साध्या वेदनाशामक गोळीचा तिथं फारसा उपयोग होत नाही. ते औषध चालू असताना सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या चुकवू नका आणि अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. आईला माझ्याकडून सांगा, दाढेत काही नाही, ती शाबूत राहू दे.

प्रश्न : सहा वर्षांचा नातू झोपेत करकर दात खातो. सगळे म्हणतात जंत झालेत. खरं काय?

आजी, शाळेत अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती त्याला द्याच, ती तशीही द्यायची असते. पण दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध नीट सिद्ध झालेला नाही. या वयाची पुष्कळ पोरं दात खातात आणि पक्के दात यायला लागले की बहुतेकांचं आपोआप कमी होतं. एकच बघा, तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, रात्री श्वास अडकल्यासारखा दचकतो का. तसं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल आणि नाकामागची गाठ दाखवा, आणि येताना मोबाईलवर त्याच्या झोपेचा एक व्हिडिओ काढून आणा, दोन मिनिटांचा पुरे.